खारीचा आवाज

धाकट्या जावेला स्टुडिओचा दरवाजा थोरलीनेच दाखवला होता, आणि पुढे सगळं सलत राहिलं ते त्यामुळेच. कुणा परकीने येऊन आपलं ताट ओढलं असतं, तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. इथे ताट आपणच पुढे केलेलं आणि वर ‘पोटभर जेव गं’ म्हणून आग्रहही आपणच केलेला. बोलणार कुणाला?

थोरली आवाजावर कमावत होती. बाहेरून आलेल्या कार्टूनना आपल्या भाषेत बोलतं करायचं, हे तिचं काम. एका लांबलचक मालिकेतली खार म्हणजे ती. शेपूट उडवत, दाणे पळवत, सगळ्या जंगलाला अक्कल शिकवणारी ती खार लेकरांची फार लाडकी होती. शिवाय बँकेच्या फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारा आवाजही तिचाच. तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा, “घरी हिचं ऐकायचं, आणि कंटाळून बँकेत फोन लावावा तर तिथेही हीच.” लोक हसायचे, थोरलीही हसायची. त्या हसण्यात मान असायचा.

धाकटी दिराची बायको होऊन घरात आली तेव्हा एका बालवाडीत शिकवत होती. घर दोन मजली. खाली सासूबाई, थोरली आणि तिचा नवरा. वर दीर आणि धाकटी, आणि पुढे थोरलीच्या खोलीवर मोकळी गच्ची. एकदा स्टुडिओत उंदराच्या पिल्लाचा आवाज देणारी मुलगी आजारी पडली. सगळे खोळंबले, तेव्हा थोरली सहज बोलून गेली, “आमच्या घरात एक आहे. नुसती हसली तरी उंदीर वाटते.”

धाकटी आली, कानाला हेडफोन लावून उभी राहिली आणि पहिल्याच टेकला सगळं बोलून गेली. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. थोरलीला त्या दिवशी कोण अभिमान वाटला. भेटेल त्याला सांगत सुटली, “माझी जाऊ बरं का.” हा अभिमान टिकला तो धाकटीला दुसरं काम मिळेपर्यंत. कारण त्या कामाचा फोन थोरलीकडे न येता थेट वरच्या मजल्यावर गेला होता.

मग तसे फोन वाढले. कधी साबणाची जाहिरात, कधी गोष्टींची ऑडिओ पुस्तकं. थोरली ‘छान, छान’ म्हणायची आणि स्वयंपाकघरात येऊन भांडी जरा जोरात ठेवायची. सासूबाई तिरकस होत्या, पण नजर पक्की. एकदा म्हणाल्या, “सूनबाई, भांड्यांचा आवाज रेकॉर्ड करायला कुणी आलंय का?”

मग धाकटीचा घसा बसू लागला. सकाळी उठली की आवाज खरखरीत, सारखं खाकरणं, घशात काहीतरी अडकल्यासारखं. दोन रेकॉर्डिंग रद्द झाली. त्या दिवसांत थोरली तिच्याशी फार मायेने वागली. गरम पाणी करून वर नेऊन द्यायची, वाफ घे म्हणायची, डोक्यावरून हात फिरवायची. खोटं नव्हतं ते. समोरचा पडलेला असला की माया आपोआप येते, हात द्यायला वाकताना आपण उंच असतो.

धाकटी घशाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की घशाचं दुखणं घशाचं नाहीच, पोटातलं आम्ल वर चढून स्वरयंत्राला लागतंय. रोज सकाळी खाण्याआधी अर्धा तास एक कॅप्सूल, तीही ठरलेल्या मुदतीपुरतीच. रात्रीचं जेवण लवकर. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. मुदत संपली की पुन्हा दाखवायला यायचं. धाकटीने सगळं पाळलं. महिना-सव्वा महिन्यात तिचा आवाज असा मोकळा झाला की जिन्यावरून हाक मारली तर थोरलीला आतल्या खोलीत ऐकू यायची. आणि ऐकू आली की पोटात काहीतरी पिळवटायचं. लोक त्याला पोटशूळ म्हणतात. त्यावर कुठलाही डॉक्टर गोळी देत नाही.

त्याच सुमाराला एका मोठ्या चित्रपटाचं काम निघालं. सगळी गोष्ट मुंग्यांची, आणि राणी मुंगीचा आवाज हवा होता. असं काम आयुष्यात एखाद्या वेळी येतं. दोघी जावांनी चाचणी दिली. थोरली आपली चाचणी आटोपून बाहेर पाण्याच्या कूलरपाशी उभी होती, तेवढ्यात दिग्दर्शिका बाई धाकटीला खांद्याला धरून बाहेर आल्या.

“आवाज एकदम उघडलाय गं तुझा. काय केलंस?”

“काही नाही हो,” धाकटी लाजून म्हणाली, “पित्ताची कॅप्सूल. तिचीच कृपा.”

थोरलीच्या हातातला कागदी पेला चुरगळला. पाणी मनगटावरून ओघळलं.

त्या दिवसापासून ती कॅप्सूल तिच्या डोक्यात बसली. हिशोब सोपा होता. आवाज बसला होता, कॅप्सूल आली, आवाज सुटला, आता राणी मुंगीही चालून येणार. धाकटी पहाटे उठून गच्चीत तास तास स्वर लावते, हे थोरलीला खाली अंथरुणात ऐकू येत होतं. पण ते तिने हिशोबात धरलं नाही. माणूस जळत असला की त्याला दुसऱ्याचं नशीब दिसतं, औषध दिसतं, ओळखी दिसतात. मेहनत तेवढी दिसत नाही.

एकदा धाकटीकडे इस्त्री मागायला म्हणून ती वर गेली. खिडकीच्या फळीवर पेल्याशेजारी औषधाची पट्टी पडली होती. धाकटी आतून इस्त्री आणेपर्यंत थोरलीने मोबाइलवर पट्टीचा फोटो काढला. चोरी तर काहीच केली नव्हती, तरी इस्त्री घेऊन जिना उतरताना तिला वाटलं, आपण कशाला तरी हात लावून आलो.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराने फोटो पाहिला आणि विचारलं, “डॉक्टरांची चिठ्ठी?”

“घरी राहिली. नेहमीचंच औषध आहे.”

“तुमचंच ना? दुसरं काही औषध चालू आहे का?”

“नाही,” थोरली म्हणाली.

खरं तर लग्नापासून तिला थायरॉईडची गोळी होती. रोज उपाशीपोटी, इतक्या वर्षांची सवय की दात घासण्यासारखं झालेलं. ते औषध आहे हेच ती विसरून गेली होती, निदान तिने स्वतःला तसं समजावलं. दुकानदार म्हणाला, “चिठ्ठी घेऊन या, मग देतो.” नसत्या चौकशा, असं मनात म्हणत ती पुढच्या चौकात गेली. तिथे गर्दी होती. कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती थायरॉईडची गोळी आणि कॅप्सूल एकाच घोटात घेऊ लागली. नवऱ्याला सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात तर तिला वाटलं, खरंच, गळा हलका झाला. खारीचे वरचे सूर सहज लागले. मग तिने विचार केला की सकाळी एकीने एवढा गुण, तर रात्रीही एक घ्यायला काय हरकत आहे? धाकटीपेक्षा दुप्पट पुढे जाऊ. कॅप्सूल कशासाठी असते, आपल्या पोटात आम्ल जास्त आहे की नाही, हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नाही. तिला कधी साधी जळजळसुद्धा झाली नव्हती. होती ती वेगळीच.

राणी मुंगीचा निकाल लागेना. चाचण्यांवर चाचण्या चालल्या होत्या. दरम्यान थोरलीला काहीतरी होऊ लागलं. सकाळी अंथरुणातून उठवेना. सगळे पंखा लावून बसलेले असताना तिला शाल लागायची. चेहरा सुजट दिसू लागला, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. आणि आवाज जड झाला. नुसता बसला नव्हता, ओल्या गोधडीसारखा जड झाला होता. खारीचं एक वाक्य सात-आठ वेळा घ्यावं लागलं, तेव्हा रेकॉर्डिस्ट माइकवरून गमतीने म्हणाला, “बाई, आज खार जाडी झाली वाटतं. दाणे कमी करा तिचे.”

आजवर त्याच्या असल्या विनोदांवर ती आधी हसायची. त्या दिवशी हेडफोन काढून ठेवला आणि घरी निघून आली. मनात एकच, की धाकटीने कान भरले असणार. नाहीतर त्याची बिशाद होती का? रात्री तिने एकीऐवजी दोन कॅप्सूल घेतल्या.

पुढच्याच आठवड्यात राणी मुंगी धाकटीला मिळाली. धाकटी सगळ्यात आधी थोरलीच्या पाया पडायला खाली आली. “ताई, तुमच्यामुळे,” म्हणाली. थोरलीने ‘नाव काढ’ म्हटलं. ते दोन शब्द घशातून बाहेर काढायला तिला जेवढे कष्ट पडले, तेवढे खारीच्या अख्ख्या भागाला पडले नसतील.

पण खरा घाव बसायचा होता. स्टुडिओतून थोरलीला निरोप आला की बाईंनी तब्येत सांभाळावी, दोन-चार भाग दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. दुसरं कोण, ते निरोपात नव्हतं.

एका संध्याकाळी थोरली अंगावर शाल ओढून पडली होती. शेजारच्या खोलीत सासूबाईंनी टीव्ही लावला. खारीच्या मालिकेची धून वाजली. मग खार बोलली. शेपूट उडवत, दाणे पळवत, तशीच नाकात, तशीच वाक्याच्या शेवटी उडी मारून. थोरली उठून बसली. तो आवाज तिचा नव्हता. उंदराच्या पिल्लाने खारीचं कातडं पांघरलं होतं.

सासूबाईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, “सूनबाई, ऐकलंस का? आज तुझी खार काय गोड बोलतेय गं. कित्येक दिवसांनी अशी बोलली.”

थोरली तशीच उठली. शाल तिथेच टाकली, जिन्याकडे गेली आणि अर्ध्या जिन्यात धाप लागल्यामुळे कठड्याला धरून उभी राहिली. धाकटी बाहेरून भाजी घेऊन वर येत होती.

“खार पण घेतलीस,” थोरली म्हणाली. आवाज कुणा म्हाताऱ्या पुरुषासारखा निघाला.

“ताई, मी नाही म्हटलं होतं. ते म्हणाले, तुम्ही बऱ्या होईपर्यंतच—”

“मी बरी होईपर्यंत. आणि मी बरी होऊच नये म्हणून घरात काय काय चाललंय, ते कळत नाही का मला? बोट धरून तुला आत नेलं मी. लोक निदान हात तरी धुवेपर्यंत थांबतात. तू तर ताटासकट हात ओढलास.”

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. पिशवी तिने पायरीवर ठेवली. उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मग ती थोरलीकडे बघतच राहिली. शब्दांकडे तिचं लक्ष उरलं नव्हतं. ती थोरलीचे सुजलेले डोळे, फुगलेले हात बघत होती.

“भांडण नंतर करू,” ती म्हणाली. “तुमचा चेहरा बघितलात का आरशात? उद्या तुमच्या डॉक्टरांकडे जायचं. भाऊजींना मी सांगते, आणि त्यांना सवड नसली तर मी येते.”

नवऱ्याला खरंच सवड नव्हती. रक्त तपासून झालं आणि रिपोर्ट दाखवायला धाकटीच थोरलीसोबत गेली.

डॉक्टर बाई थोरलीला वर्षानुवर्षं ओळखत होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. “थायरॉईड पार बिघडलाय. गोळ्या चुकवताय?”

“एकही नाही.”

“नवी पट्टी जुनी तर निघाली नाही ना? तारीख बघितलीत?”

“बघितली. नेहमीच्याच आहेत.”

“मग दुसरं काही नवं सुरू केलंत? कॅल्शियम, लोह, पित्ताचं काही?”

थोरलीने बाजूला पाहिलं. बाजूच्या खुर्चीत धाकटी बसली होती, मांडीवर थोरलीची पर्स धरून. डॉक्टरांनी पेन उचललं. “ठीक आहे. मग डोस वाढवावा लागेल. चांगलाच वाढवावा लागेल.”

आता गप्प राहिलं तर एका खोट्यावर दुसरी गोळी चढणार, आणि ती थेट हृदयाला धडधडवणार. एवढं थोरलीला समजत होतं. आणि बोललं तर हिच्यासमोर बोलावं लागणार. तिने धाकटीकडे न बघता म्हटलं, “जरा पाणी आणतेस?”

टेबलावर पाण्याचा भरलेला जग होता. धाकटीने तो पाहिला, पर्स खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेली.

दार लागल्यावर थोरलीने सगळं सांगितलं. फोटो, दुसरं दुकान, सकाळची, रात्रीची, मग रात्रीच्या दोन. डॉक्टर ओरडल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं.

“औषध वाईट नाही हो,” त्या म्हणाल्या. “ज्याला लागतं त्याला फार गुणाचं आहे. थायरॉईड असलेल्यांनाही आम्ही देतो, पण मग मधूनमधून रक्त तपासून थायरॉईडचा डोस जुळवून घेतो. तुमची थायरॉईडची गोळी नीट विरघळायला पोटात आम्ल लागतं. तुम्ही ते आम्लच बंद केलंत. गोळी रोज घेत होतात, पण ती अंगी लागतच नव्हती.”

“म्हणजे वेगवेगळ्या वेळी घेतल्या असत्या तर…”

“फारसा फरक पडला नसता. कॅप्सूलचा अंमल दिवसभर राहतो. आणि मुळात ती आम्लपित्तावरची आहे. तुम्हाला आम्लपित्त आहे?”

“नाही,” थोरली म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

डॉक्टरांनी सांगितलं की थायरॉईडचा डोस आहे तोच ठेवू. कॅप्सूल मात्र एकदम न सोडता आधी दिवसाला एकीवर, मग एक दिवसाआड, मग बंद. बंद केल्यावर काही दिवस उलट जास्त आम्ल सुटेल, छातीत जळेल. “तेव्हा ‘बघा, मला गरज होतीच’ असं म्हणून पुन्हा सुरू करू नका. ते दिवस निघून जातात. सोसवलं नाही तर मला फोन करा. दुकानात जायचं नाही.”

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. कॅप्सूल बंद झाल्यावर थोरलीच्या छातीत असा जाळ उठला की आयुष्यात कधी माहीत नव्हता. आंबट पाणी घशाशी यायचं. उशांची चळत लावून ती बसल्या बसल्या झोपायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी धाकटी खाली आली. थोरली छातीवर हात ठेवून खुर्चीत बसली होती. धाकटीने एका नजरेत ओळखलं. तिचं स्वतःचं दुखणं होतं ते.

“जळजळ होतेय ना? मी यातूनच गेलेय. थांबा, माझा कोर्स संपला, पण चार-पाच कॅप्सूल उरल्यात. आणते.”

ती जिन्याकडे वळलीसुद्धा.

“नको,” थोरली म्हणाली. “बस इथे.”

धाकटी बसली.

“तुझीच कॅप्सूल खाऊन माझी ही गत झालीय.” आणि मग जे डॉक्टरांना सांगितलं होतं ते तिने जावेला सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला, कारण मध्ये मध्ये घोट घोट पाणी प्यावं लागत होतं, आणि डॉक्टरांनी ‘का’ असं विचारलं नव्हतं. इथे ते न विचारताच सांगणं भाग होतं.

तिला वाटलं होतं, धाकटी रडेल, नाहीतर गळ्यात पडेल. धाकटी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“म्हणजे तुम्हाला वाटलं, सगळं त्या कॅप्सूलने केलं,” ती म्हणाली.

“तूच तर म्हणालीस दिग्दर्शिका बाईंना.”

“मी बोलायचं म्हणून बोलले. ‘मी रोज पहाटे गच्चीत उभी राहते’ असं स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं? पण तुम्हाला तर ते ऐकू येत होतं, ताई. तुमच्याच खोलीच्या वर आहे गच्ची.” ती थांबली. “तुमचा आवाज गेला त्याचं मला वाईट वाटतंय. पण मी चांगलं करते, हे तुम्ही गोळीवर ढकललंत. त्याचा राग आलाय मला. आज येऊ दे. उद्या-परवा जाईल.”

“येऊ दे,” थोरली म्हणाली. “मला तर दोन वर्षं येतोय.”

धाकटीला हसू आलं, पण तिने ते दाबलं आणि वर निघून गेली. उरलेल्या कॅप्सूल तिने त्याच संध्याकाळी दुकानात नेऊन दिल्या. टाकून द्यायला सांगितल्या.

आवाज यायला वेळ लागला. आधी थंडी गेली, मग चेहऱ्याची सूज उतरली, आणि बऱ्याच दिवसांनी एका सकाळी सासूबाईंना चहाची हाक मारताना शेवटचं अक्षर आपोआप वर उडालं. पुढच्या रक्ततपासणीत आकडे जागेवर आले. खार तिला परत मिळाली. पण बँकेचं काम तोवर दुसऱ्या कुणाला गेलं होतं, ते गेलंच.

राणी मुंगीचं रेकॉर्डिंग चालू झालं, तेव्हा एकदा थोरली आपलं काम आटोपून काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या मागच्या बाकावर जाऊन बसली. आत धाकटी एकटी उभी होती. वारूळ बुडत असताना राणी आपल्या लेकरांना निरोप देते, तो प्रसंग. धाकटीने आवाज अजिबात चढवला नाही. उलट वाक्यागणिक तो खाली खाली आणत गेली, इतका की रेकॉर्डिस्ट पुढे वाकला.

थोरलीने तोच प्रसंग चाचणीत ओरडून केला होता. तिच्या पोटात जुनी कळ उठली, ओळखीची, औषधाने न जाणारी. हे आपल्याला सुचायला हवं होतं. आपल्याला का नाही सुचलं? ती बाकावर तशीच बसली आणि मनातल्या मनात जळत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

टेक संपला. दिग्दर्शिका बाई “झालं, सुंदर” म्हणून उठू लागल्या.

थोरलीने पुढे होऊन माइकचं बटण दाबलं. “अगं,” ती काचेतून धाकटीकडे बघत म्हणाली, “‘पाणी आलं तरी’ याच्या आधी तुझा श्वास ऐकू येतो. थिएटरात कळेल. आधीच्या ओळीतच भरून घे.”

आत धाकटीने मान वर केली. मग धाकटीने हेडफोन नीट केला आणि रेकॉर्डिस्टला म्हणाली, “पुन्हा घेऊ या.”